इंगळे मॅडमचा अंगठा

सर्व्हर बंद पडला की मला इंगळे मॅडम आठवतात. आणि आमच्याकडे सर्व्हर बंद पडायला काही मुहूर्त लागत नाही, त्यामुळे बाईंची आठवण काढायला मला वेगळी सवड काढावी लागत नाही. स्क्रीनवर ते गोल चक्र फिरायला लागतं. बाकावर बसलेले लोक माझ्या तोंडाकडे पाहतात, मी चक्राकडे पाहतो, आणि कानात बाईंचा आवाज येतो, "राऊत, त्याच्याकडे पाहू नका. पाह्यलं की ते लाजते."

मी तलाठी आहे. आता आमच्या पदाला ग्राम महसूल अधिकारी असं भारदस्त नाव मिळालंय, पण गावात कोणी तेवढं बोलत बसत नाही. माझ्या वाट्याला आलेल्या गावांत कार्यालय आहे, पंखा आहे, फक्त नेट नाही. म्हणून शेजारपाजारच्या तलाठ्यांनी मिळून तालुक्याच्या गावात बसस्टँडमागे एक खोली घेतली होती. शेतकऱ्यानं आधी गावात जायचं, तिथं कुलूप पाहायचं आणि मग एसटीनं इकडे यायचं, अशी सोय होती. या खोलीत खिडकीजवळची खुर्ची इंगळे मॅडमची. मी नोकरीला लागलो तेव्हाही मॅडम त्याच खुर्चीत होत्या, आणि मला वाटायचं, खोली नंतर बांधली असावी.

फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावांतले बदल, ऑनलाइन सुरू झाले तेव्हा लॉगिन करायला अंगठा लागायचा. मॅडमचा अंगठा यंत्राला कधी पटला नाही. लहानपणापासून निंदण, खुरपण, कापूस वेचणं, मग सासरी भांडी, धुणं. रेषा म्हणून काही शिल्लकच नव्हत्या. मॅडम अंगठा ठेवायच्या, यंत्र लाल व्हायचं. मग त्या शांतपणे तो अंगठा केसांतून, भांगाच्या बाजूनं, मागपर्यंत फिरवायच्या. डोक्याला तेल भरपूर. तेलकट अंगठा पुन्हा ठेवायच्या. कधी तिसऱ्यांदा लागायचा, कधी जेवणानंतर. "सरकारले माही ओळख पटून नाही राह्यली," म्हणायच्या, "नवऱ्यालेबी उशिराच पटली होती."

पुढे डिजिटल सहीचं डोंगल आलं. ते हरवू नये म्हणून त्यांनी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातलं. मंगळसूत्र आणि डोंगल शेजारी शेजारी. मी एकदा हसलो तर म्हणाल्या, "हसू नका. एक सासरचं, एक सरकारचं. दोन्ही काढून ठेवता येत नाही अन् दोन्हीचा पासवर्ड दुसऱ्याच्या हाती."

दिसायला बाई थकलेल्या. तेव्हाही थकलेल्याच. सकाळी नऊच्या एसटीतून उतरतानाच असं वाटायचं की दिवस संपवून आल्या. पिशवीत डबा, पाण्याची बाटली आणि पुडीत फुटाणे. समोर माणूस भांडायला लागला की त्या पुडी पुढे करायच्या. तोंडात फुटाणे असले की माणसाला जोरात भांडता येत नाही, हा त्यांचा अनुभव. खोटं नाही, मी पुष्कळदा पाहिलंय.

त्यांना एका सरकारी शब्दाचा राग होता. कोणी मेलं की सातबाऱ्यावरून नाव काढायचं असतं, त्याला आमच्या भाषेत 'नाव कमी करणे' म्हणतात. लोक यायचे आणि म्हणायचे, बहिणींची नावं कमी करा, किंवा लावूच नका, त्या हिस्सा सोडूनच देऊन राह्यल्या. मॅडम चष्म्यावरून पाहायच्या. "कमी करा म्हणजे? भाजीतलं मीठ हाय काय?" मग वारसांच्या अर्जात सगळ्या बहिणींची नावं भरायला लावायच्या. आधी नाव लागू द्या, मग तिला सोडायचं तर ती सोडेल. लोक चिडायचे. फुटाणे खायचे. पुन्हा चिडायचे.

आता गिरणीची गोष्ट सांगतो. हाताने लिहिलेले सातबारे संगणकात उतरवून झाल्यावर ते गावात वाचून दाखवायचे, असा आदेश होता. चावडी वाचन. लोकांनी ऐकायचं, चूक असेल तर सांगायची. चावडीवर पुरुष जमायचे. तलाठी वाचायचा, गट नंबर अमुक, क्षेत्र अमुक, खातेदार अमुक. जो तो आपलं नाव ऐकेपर्यंत थांबायचा आणि उठून जायचा. शेवटी तलाठी, कोतवाल आणि एखादं कुत्रं उरायचं. मीही तसंच वाचलं आणि काम उरकलं.

मॅडमनी चावडीवर वाचलं आणि दुसऱ्या दिवशी तेच कागद घेऊन पिठाच्या गिरणीवर गेल्या. भारनियमनामुळे लाइन गेलेली, बाया डबे ठेवून बसलेल्या. मॅडम तिथंच पायरीवर बसल्या आणि वाचायला लागल्या. पुरुषांची नावं आली की भराभर. बाईचं नाव आलं की थांबायच्या आणि मान वर करून विचारायच्या, "हे कोन?" बायांना गंमत वाटली. कोणी म्हणे, ते माही जाऊ. कोणी म्हणे, ते आमची मोठी माय, गेली. एकीला आपलं स्वतःचं नाव ऐकून खरंच वाटेना, तिनं दोनदा वाचायला लावलं.

वाचता वाचता नाव आलं, सुमन जगदेव. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. मॅडमनी पुन्हा विचारलं, "हे कोन?" मग एक बाई डब्यावरचं पीठ झटकत म्हणाली, "ते माही नणंद होय. पन आता ते सुमन नाही न. तिकडे रेणुका हाय ते."

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची चाल आहे. नवरदेव ताटात गहू पसरून अंगठीनं नवं नाव लिहितो, बाया हसतात, पेढे वाटले जातात. संध्याकाळपर्यंत ते गहू दळायला जातात. पण बाप मेल्यावर वारस म्हणून सातबाऱ्यावर चढतं ते माहेरचं नाव, आणि आधार कार्डावर असतं सासरचं. कागदाच्या काळात हे चालून जायचं, कारण तलाठी गावात राहायचा आणि सुमन म्हणजे कोण हे त्याला माहीत असायचं. संगणकाला असं काही माहीत नाही. त्याच्या हिशेबी सुमन एक बाई आणि रेणुका दुसरी.

या गिरणी वाचनाबद्दल मॅडमना वरून विचारणा झाली, हे कोणत्या परिपत्रकात आहे? त्यांनी उत्तर दिलं, करू नये असं कोणत्याही परिपत्रकात नाही. साहेबांनी तो कागद फाइलला लावला आणि विषय संपला. काम मात्र दुप्पट झालं, कारण गिरणीवर इतक्या चुका निघाल्या की त्यांच्या दुरुस्त्या पुढची काही वर्षं चालल्या. "आपल्याच हातानं आपल्या गळ्यात घंटा बांधली," असं त्या पायऱ्या चढताना म्हणायच्या, मधल्या पायरीवर दम घेत.

काही वर्षांनी, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या आठवड्यात, प्रल्हादभाऊ खोलीत आले. प्रल्हादभाऊ जगदेव म्हणजे त्याच सुमनचे भाऊ. माणूस सरळ, वय झालेलं, गुडघे गेलेले. हातपाय चालतात तोवर वावर दोन्ही पोरांच्या नावावर वाटून द्यायचं, एवढीच त्यांची इच्छा. पण वाटणीला सातबाऱ्यावरच्या प्रत्येकाची संमती लागते, आणि सातबाऱ्यावर सुमन होती. सुमनच्या नावाचं आधार या जगात कुठं नव्हतं. तहसीलबाहेर कडुलिंबाखाली बसणाऱ्या एका अर्ज लिहिणाऱ्यानं तोड सांगितली, सुमन मयत दाखवा. जुन्या मृत्यूची नोंद सापडत नाही तिथं प्रतिज्ञापत्र आणि पंचांच्या सह्या चालवून घेतात. सुमन नावाचं कोणी जिवंत नाहीच, मग खोटं कुठं आहे?

प्रल्हादभाऊंनी कागद मॅडमपुढे ठेवले. मॅडमनी वाचले. 'माझी बहीण सुमन ही लग्नानंतर निपुत्रिक मयत झाली.' खाली पंचांच्या सह्या. मग त्यांनी बाकाकडे पाहिलं. बाकावर प्रल्हादभाऊंच्या सोबत आलेली बाई बसली होती. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीतून डांगराचा देठ वर आलेला.

"या कोन?" मॅडमनी विचारलं.

"माही बहीन," प्रल्हादभाऊ म्हणाले. "आखाजीले आनली. म्हटलं, काही सही लागली तं असू द्या संग."

मी हातातलं काम ठेवून दिलं. मेलेल्या बाईला सहीसाठी सोबत घेऊन येणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर लबाडीचा एक कण नव्हता, हे मी शपथेवर सांगेन.

मॅडम त्या बाईला म्हणाल्या, "सुमनताई, यात काय लिहिलं, माहीत हाय का तुम्हाले?"

त्या नावानं हाक मारल्यावर बाई चटकन उठून उभ्या राहिल्या. "हाव न बाई. मेली म्हनून लिहिलं. लिहा, मले काय फरक पडते? भाऊ कितीक चकरा मारून राह्यला, गुडघे पाहा त्याचे. मले कायचं वावर पाह्यजे? मले माहेर पाह्यजे."

आता इथं माझ्यासारख्यानं कायदा सांगितला असता. खोट्या प्रतिज्ञापत्राला शिक्षा काय होते, ते कलमासकट. मॅडमनी फुटाण्याची पुडी पुढे केली. कोणी घेतले नाहीत.

"प्रल्हादभाऊ, आखाजीले घागर भरता ना?"

"भरतो न. काऊन?"

"कोनाकोनाची?"

"बुढ्याची अन् मायची. दोन."

आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसांच्या नावानं मातीची घागर भरतात. पाण्यानं भरलेली घागर, वर डांगर म्हणजे खरबूज, पुढ्यात पुरणाचा, रसाचा निवद. ज्याच्या नावाची घागर भरली तो त्या दिवशी घरी येऊन पाणी पिऊन जातो, असं मानतात.

"मंग यंदा तिसरी भरा लागन," मॅडम म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच, दमलेला. "आज इथं सुमन मयत लिहू. अन् आखाजीले घरी तिच्या नावानं घागर भरा. तुमच्या हातानं. अन् हे डांगर त्याच्यावर ठेवा, अन् सुमनताईले त्या घागरीसमोर पाटावर बसवून जेवू घाला. जमन का? जमत असन तं द्या इकडे कागद."

बाई आधी हसल्या. मग हसणं तिथंच राहिलं आणि त्यांनी पदराचा बोळा तोंडाशी नेला. प्रल्हादभाऊ कागदाकडे पाहत राहिले. "मी असा इचार नव्हता केला," ते म्हणाले. "मले वाटलं, कंपुटरमंधली सुमन येगळी."

त्यांनी ते प्रतिज्ञापत्र चौघडी घालून खिशात टाकलं. मॅडमनी मग सुमनताईंना खुर्चीजवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सोडायचं असन तं सोड बाई. तुहं वावर, तुहा भाऊ. पन जित्ती राहून सोड."

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण सरकारी काम असं घागरीवर मिटत नाही. सुमन आणि रेणुका एकच, हे सिद्ध करायला अर्ज, लग्नाची पत्रिका, शाळेचा दाखला, पंचनामा, दोन्ही गावच्या लोकांचे जबाब, मग तहसीलदारांचा आदेश. शाळेचा दाखला मिळेना, कारण सुमन शाळेत गेलीच नव्हती. साहेब बदलले, नवीन साहेबांनी फाइल पहिल्यापासून मागितली. जिवंताला मयत करायला एक प्रतिज्ञापत्र पुरत होतं. जिवंताला जिवंत ठरवायला मॅडमना वर्ष लागलं.

मधल्या काळात प्रल्हादभाऊंची पोरं तापली. त्यांनी तक्रार केली, तलाठीबाई मुद्दाम काम अडवतात. त्यातच आमच्या प्रलंबित कामांचा तक्ता दर आठवड्याला निघायचा. ज्याचं काम तुंबलं त्याचं नाव लाल रंगात. मॅडमचं नाव लालमध्ये कायमचं मुक्कामाला. व्हिडिओ बैठकीत साहेब सगळ्यांसमोर बोलले. मॅडम उभ्या राहून ऐकत होत्या. बसून ऐकलं असतं तरी कॅमेऱ्यात कोणाला कळणार नव्हतं. बैठक संपल्यावर खुर्चीत टेकल्या आणि डोळे मिटून म्हणाल्या, "राऊत, मले आता खरंच कंटाळा आला." एवढंच. मग सर्व्हर आला आणि त्या वळल्या.

त्याच दिवसांत मी सहज विचारलं होतं, "मॅडम, तुमच्या माहेरी शेती आहे का?" माहेर त्यांचं रोहिणखेडच्या बाजूला, एवढं मला ठाऊक होतं. "हाय," त्या म्हणाल्या. "बापाचं वावर हाय. भाऊ वाहते." मी पुढे काही विचारणार तोच म्हणाल्या, "दुसऱ्याच्या नोंदीतून मोकळी झाली की पाहीन." आणि फुटाण्याची पुडी माझ्याकडे सरकवली. म्हणजे मीही भांडायला आलेल्यांत जमा.

अखेर आदेश आला. सातबाऱ्यावर ओळ उमटली, सुमन ऊर्फ रेणुका. सुमनताई सासरहून आल्या, हातात छापील उतारा घेतला. वाचता येत नव्हतं. मॅडमनी ती ओळ बोटानं दाखवली आणि वाचली. "अजून एक डाव वाचा," त्या म्हणाल्या. मॅडमनी अजून एकदा वाचली.

आणि दिवाळी झाल्यावर सुमनताईंनी हक्कसोड करून दिला. सगळा हिस्सा भावाला. नोंदणी झाली, फेरफार आमच्याकडे आला, मॅडमनीच त्याची नोंद धरली, नोटीस काढली. मला राग आला. खरं सांगतो, संताप आला. वर्षभर या बाईनं बोलणी खाल्ली, लाल यादीत बसल्या, आणि शेवटी काय? डोंगर पोखरून उंदीर निघाला. मी तसं बोललोही.

मॅडमनी डोंगल काढून पुन्हा लावलं. "राऊत, तिनं सोडलं. तिनं. मेलेल्या माणसाले काही सोडता येते काय?" मग म्हणाल्या, "यंदा आखाजीले गेली होती ते. दोनच घागरी होत्या, सांगत होती."

मॅडम निवृत्त झाल्या तो दिवस सरकारी निवृत्तीचा असतो तसाच होता. शाल, नारळ, दोन भाषणं, समोसे. साहेबांनी भाषणात त्यांच्या कार्यतत्परतेचा गौरव केला. लाल नावांचा तो तक्ता तोवर बदललेला होता. डोंगल जमा करून घेतलं. नंतर चहा पिताना त्यांचा हात दोन-तीनदा गळ्याशी गेला आणि मंगळसूत्राशी थांबून परत आला. त्यांना एसटीत बसवून दिलं. खिडकीजवळची खुर्ची आठवडाभर कोणी घेतली नाही, मग नव्या मुलीनं घेतली.

त्यानंतर त्या मला एकदाच दिसल्या. यंदा, उन्हाळ्यात. एका बैठकीसाठी मी त्यांच्या माहेरच्या तालुक्याला गेलो होतो. बैठक उशिरा सुरू होणार होती, पाणी प्यायला म्हणून ऑनलाइन कामाच्या खिडकीकडे आलो, तर बाहेरच्या बाकावर इंगळे मॅडम. केस पार पांढरे, मांडीवर कापडी पिशवी. शेजारी तिशीतला एक माणूस मोबाइलमध्ये डोकं घालून.

"हा माहा भाचा," त्या म्हणाल्या. भाऊ मागच्या वर्षी वारला होता. आता वारस लावताना कळलं की वडिलांच्या वेळची नोंदच अर्धवट आहे. मॅडमचं नाव त्यात लागलं होतं, माहेरचं. भाच्याला बिचाऱ्याला घाई. कोणीतरी त्याला सोपी तोड सांगितली होती. ती काय असेल हे मला त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. बोलता बोलता पिशवीतून पुडी काढली, मला फुटाणे दिले. "चकरा सुरू हायेत," म्हणाल्या. "आपन लोकायले मारायले लावल्या, आता आपली पाळी."

आतून ऑपरेटरनं नाव पुकारलं, "कुसुम भिकाजी."

कोणी उठलं नाही. मी इकडेतिकडे पाहिलं. इतकी वर्षं एका खोलीत बसलो, पण दारावरच्या पाटीवर 'सौ. एस. व्ही. इंगळे' एवढंच होतं, आणि त्या एसचं काय होतं तेही मी कधी विचारलं नव्हतं. कुसुम कोण हे मला कुठून कळणार.

"कुसुम भिकाजी," ऑपरेटर पुन्हा म्हणाला. मग मान बाहेर काढून, कंटाळून, आम्ही सगळे विचारतो तसंच त्यानं विचारलं, "हयात आहे का मयत? काय लिहू?"

भाच्यानं मोबाइलमधून मान वर केली आणि आत्याकडे पाहिलं.

मॅडम बाकाला हात टेकून उठल्या. साहेबांसमोर जन्मभर शुद्ध बोलणाऱ्या बाई, त्या खिडकीपाशी जाऊन म्हणाल्या, "हाव, हाय मी. जित्ती हाय."

ऑपरेटरनं यंत्र पुढे सरकवलं. त्यांनी अंगठा ठेवला, यंत्र लाल झालं. त्यांनी अंगठा पांढऱ्या केसांतून मागपर्यंत फिरवला आणि पुन्हा ठेवला. पुन्हा लाल. मागं रांग होती, कोणी तरी म्हणालं, बाई, उद्या या. मला बैठकीला बोलावणं आलं, म्हणून मी निघालो. जिन्यावरून वळून पाहिलं तेव्हा त्यांनी खिडकीजवळची खुर्ची ओढून घेतली होती आणि रांगेतल्या माणसाला फुटाणे देत होत्या.